जुन्या शत्रूंच्या भेटीची आठवण: बिल्ला आणि नाणं मुंबईच्या हवेत कसं टिकवाल

गेटिसबर्गच्या लढाईला ५० वर्षं झाली तेव्हा, १९१३ साली, अमेरिकेच्या यादवीत एकमेकांवर गोळ्या झाडलेले उत्तर-दक्षिणेचे ५० हजारांहून जास्त म्हातारे सैनिक त्याच मैदानालगत तंबूंत राहिले. अशा मेळाव्यांतले बिल्ले आज संग्राहकांकडे दिसतात. रचना साधारण सारखीच: वर पिनेची पट्टी, मधे रेशमी फीत, खाली लोंबणारं पदक, कधी सेल्युलॉइडचं (जुन्या काळच्या प्लास्टिकचं) बटण.

गोम इथेच आहे. धातूला बंद, कोरडा डबा लागतो, पण सेल्युलॉइड बंद डब्यात स्वतःच्याच आम्ल वाफेने पिवळं पडून तडकतं आणि शेजारचं पितळ हिरवं करतं. म्हणून बटण सुटं असेल तर आम्लमुक्त कागदाच्या पाकिटात, हवा खेळती राहील असं वेगळं ठेवा. पदकाशी जोडलेलंच असेल तर उपटू नका. अख्खा बिल्ला कागदी खोक्यात कपाटात वरच्या, कोरड्या खणात ठेवा आणि दर महिन्याला बघा. कापरासारखा किंवा झोंबरा वास आला, की त्याला बाकीच्या संग्रहापासून दूर करा. डांबराच्या गोळ्या जवळपासही नकोत.

नुसत्या धातूच्या वस्तू घट्ट झाकणाच्या पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकच्या डब्यात, सोबत ओल शोषून रंग बदलणारं सिलिका जेल. रंग बदलला की पाकिटावर दिलेल्या तापमानाला सुकवा. पावसाळ्यात हे वारंवार करावं लागतं. दादर-वरळीसारख्या समुद्राकाठच्या घरात हवेतला खार पितळेवर बसतो, म्हणून डब्यात घालण्याआधी मऊ सुती कापडाने हलकंच पुसा. चिंच, लिंबू, पितांबरी मात्र देवाच्या भांड्यांपुरतीच! चोरबाजारात पदक घेताना अक्षरांच्या खाचा भिंगाखाली पाहा: पांढरी पूड अडकलेली असेल तर ते पॉलिशने घासलेलं आहे.

फितीला घडी नको, इस्त्री तर नकोच. त्या काळच्या रेशमात वजन वाढवायला धातूचे क्षार मुरवत, त्यामुळे जुनी फीत घडीवर कापल्यासारखी फाटते. सपाट ठेवून खाली आम्लमुक्त कागद घाला. भिंतीवर लावायचीच तर उन्हापासून लांब.

गेटिसबर्गच्या चांदीच्या अर्ध्या डॉलरवर १९३६ साल बघून अनेक जण दचकतात, कारण ज्या मेळाव्यासाठी ते काढलं तो १९३८ चा, लढाईच्या ७५ व्या वर्षाचा. पण नाण्यावर १९३६ च आहे, पाडलं १९३७ मध्ये, आणि मागच्या बाजूला १९३८ चा उल्लेख आहे. समोर उत्तर आणि दक्षिणेच्या दोन वृद्ध सैनिकांचे चेहरे. वजन १२.५ ग्रॅम, व्यास ३०.६ मिलिमीटर, ९० टक्के चांदी. खरं की नकली ते बघायला सोनाराच्या काट्यावर तोला, स्वयंपाकघरातला चालणार नाही. चुंबकाला चिकटलं तर प्रश्नच मिटला, ते नकली. आणि पीव्हीसी प्लास्टिकच्या मऊ, वास येणाऱ्या खिशांत ठेवू नका, काही काळाने हिरवट चिकट थर यायला लागतो.