सेमी-इंग्रजीच्या वर्गात मराठी मुलांना आधार कसा द्यावा

महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी हा विषय शिकवला जातो. सेमी-इंग्रजीच्या वर्गांत गणित आणि विज्ञान हे विषयही इंग्रजीतून शिकवले जातात. काही शाळा हे पहिलीपासून करतात, काही पाचवीपासून, तर काही थेट आठवीपासून. अडचण प्रामुख्याने या सेमी-इंग्रजीच्या वर्गांत येते, कारण तेथे मुलाला नवी संकल्पना आणि ती सांगणारी अपुरी परिचयाची भाषा या दोन्हींशी एकाच वेळी झुंजावे लागते. हे काम इंग्रजीच्या शिक्षकांवर सोपवून मोकळे होता येत नाही. इंग्रजीच्या तासाला कविता आणि निबंध होतात, पण बाष्पीभवनाचे वर्णन कसे लिहायचे हे विज्ञानाच्या शिक्षकांनाच शिकवावे लागते.

सर्वप्रथम मुलाची पातळी नीट ओळखावी. एखादे मूल इंग्रजीत सफाईने नमस्कार-चमत्कार करते, तेवढ्यावरून त्याला पाठ्यपुस्तकातील परिच्छेद कळत असेल असे समजू नये. कॅनडातील भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ साली रोजच्या बोलण्याची भाषा आणि शालेय अभ्यासाची भाषा यांत भेद केला. स्थलांतरितांच्या मुलांना बोलण्याची भाषा साधारण दोन वर्षांत साधते, परंतु अभ्यासाच्या भाषेत वर्गाच्या बरोबरीने यायला पाच ते सात वर्षे लागतात, असे त्यांच्या अभ्यासातून दिसले. त्या मुलांच्या भोवती दिवसभर इंग्रजीच होते. आपल्या मुलांच्या कानावर ती काही तासिकांपुरतीच पडते. तेव्हा पाचवीत सेमी घेतलेल्या मुलाला सहावीत इंग्रजीतून उत्तर लिहिता येत नाही, म्हणून त्याला ‘कच्चा’ ठरवणे अन्यायाचे आहे.

धडा शिकवताना संकल्पना मराठीतून पक्की करावी आणि मग त्याच तासात तिची इंग्रजी मांडणी द्यावी. ‘पाणी तापवले की त्याची वाफ होते’ हे मुलांना अनुभवाने ठाऊक असते. प्रयोग दाखवून त्यावर मराठीत बोलणे झाल्यावर फळ्यावर ‘व्हेन वॉटर इज हीटेड, इट चेंजेस इन्टू व्हेपर’ हे वाक्य लिहावे, ‘वॉटर’ आणि ‘व्हेपर’ पुसून तेथे रिकाम्या जागा ठेवाव्यात आणि बर्फ, मेण, तूप यांसाठी तेच वाक्य मुलांकडून भरून घ्यावे. केवळ शब्दार्थांच्या याद्या पाठ करून घेण्यापेक्षा अशी चार-पाच चौकटीची वाक्ये वर्षभर भिंतीवर टांगलेली असणे अधिक उपयोगी पडते, कारण मुलाला शब्द आठवला तरी तो बसवायचा कोठे, हेच बहुतेक वेळा कळत नसते. बालभारतीच्या संकेतस्थळावर दोन्ही माध्यमांची पुस्तके मोफत उतरवून घेता येतात. मराठी पान आदल्या दिवशी घरी वाचायला सांगितले, तर वर्गात इंग्रजी पान पुष्कळ सोपे वाटते.

गणितात विशेष सावध राहावे, कारण तेथे वाक्यरचनाच मुलाला फसवते. ‘वीसमधून आठ वजा करा’ यात संख्या ज्या क्रमाने ऐकू येतात, त्याच क्रमाने मांडायच्या असतात. ‘सबट्रॅक्ट एट फ्रॉम ट्वेंटी’ यात मात्र आठ आधी येतात, आणि मूल ८ − २० असे मांडून मोकळे होते. बीजगणितात ‘थ्री लेस दॅन एक्स’ याचे ‘तीन वजा एक्स’ होते, तेही याच कारणाने. शाब्दिक उदाहरणांत ‘हाऊ मेनी मोर’ दिसले की ‘मोर’ म्हणजे जास्त, म्हणून बेरीज, असा तर्क मुले लावतात. प्रत्यक्षात तेथे वजाबाकी हवी असते. अशा चुका दिसल्या की वजाबाकी पुन्हा शिकवत बसू नये. उदाहरण मोठ्याने वाचून घ्यावे, ते मराठीत सांगायला लावावे, आकृती काढून घ्यावी आणि त्यानंतरच गणिताकडे वळावे. ‘फ्रॉम’, ‘दॅन’, ‘बाय’, ‘ॲट लीस्ट’ यांसारख्या बारीक शब्दांखाली रेघ मारण्याची सवय लावावी, कारण गणिताचा अर्थ बहुधा त्यांतच दडलेला असतो.

‘टेबल’, ‘करंट’, ‘वर्क’, ‘सेल’, ‘प्रॉडक्ट’ हे शब्द मुलांना ओळखीचे वाटतात, म्हणून ती विचारत नाहीत. त्यांचा विषयातील अर्थ शिक्षकांनी आपणहून सांगावा.

प्रश्न विचारल्यावर थांबावे. अमेरिकेतील मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांचे निरीक्षण केले, तेव्हा शिक्षक उत्तरासाठी सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असे आढळले. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरे लांब आणि विचारपूर्वक येऊ लागली. मनात मराठीत विचार करून इंग्रजीत बोलणाऱ्या मुलाला तर त्याहून अधिक अवधी हवा. शेजारच्याशी मराठीत चर्चा करू द्यावी आणि उत्तर इंग्रजीत मागावे. मराठी बोलल्याबद्दल दंड किंवा शिक्षा करण्याची काही शाळांतील प्रथा तर सर्वथा सोडून द्यावी. तिने मुले इंग्रजी बोलू लागत नाहीत, गप्प होतात.

वही तपासताना विषय आणि भाषा वेगवेगळ्या तपासाव्यात. ‘प्लांट मेक फूड इन लीफ’ या उत्तरातील विज्ञान बरोबर आहे, तेव्हा त्याचे गुण पूर्ण द्यावेत आणि शेजारी शुद्ध वाक्य लिहून द्यावे. एका वेळी एकाच प्रकारची चूक दाखवावी. लाल शाईने भरलेले पान मूल वाचत नाही.

मेळघाटातील कोरकू किंवा गडचिरोलीतील गोंडी बोलणाऱ्या मुलांसाठी मराठी हीच शाळेत भेटलेली दुसरी भाषा असते आणि इंग्रजी तिसरी. तेथे ‘आधी मराठीतून’ हा सल्ला अपुरा ठरतो. वस्तू, चित्र, कृती यांवर अधिक भर द्यावा आणि वरच्या वर्गातील त्याच भाषेच्या मुलाला मदतीला घ्यावे. पालकांनाही घरी मोडके इंग्रजी बोलण्याचा आग्रह करू नये. आज काय शिकलात, हे मुलाकडून घरच्या भाषेत सविस्तर वदवून घेणे त्यांना सहज जमते आणि त्याने धडा पक्का होतो.

आठवीपासून प्रश्नपत्रिकेची भाषा स्वतंत्रपणे शिकवावी. ‘गिव्ह सायंटिफिक रीझन्स’ या प्रश्नाला उत्तर येत असूनही मुले व्याख्या लिहून येतात, आणि ‘डिस्टिंग्विश बिट्वीन’ला दोन स्वतंत्र टिपा लिहितात. जुन्या प्रश्नपत्रिकांतील असे आज्ञार्थी शब्द गोळा करून प्रत्येकासमोर उत्तराचा नमुना द्यावा: कारणे द्या असेल तर ‘बिकॉज’ने जोडलेली वाक्ये, फरक विचारला असेल तर दोन स्तंभ. त्यानंतर आठवड्यातून एकदा उत्तर न लिहिता केवळ प्रश्न वाचून ‘येथे काय मागितले आहे’ एवढेच मराठीत सांगण्याचा सराव घ्यावा. त्याला दहा मिनिटे पुरतात.