‘युनिट’च्या कथा नेमक्या कोणत्या दशकातल्या?

‘डॉक्टर हू’ या १९६३ मध्ये सुरू झालेल्या, डॉक्टर नावाच्या कालप्रवाशाच्या ब्रिटिश मालिकेतील कालविसंगती तपासताना वहीत प्रक्षेपणाचे वर्ष आणि कथेतील वर्ष यांचे रकाने वेगळे ठेवावेत. १९७५ च्या ‘पिरॅमिड्स ऑफ मार्स’ या कथेमध्ये डॉक्टरची सहप्रवासी सारा जेन आपण १९८० मधल्या असल्याचे सांगते, १९८३ च्या ‘मॉड्रिन अनडेड’मध्ये मात्र तिच्या वेळी ‘युनिट’ या लष्करी पथकाचे प्रमुख असलेले ब्रिगेडियर १९७७ मध्येच निवृत्त होऊन शाळेत गणित शिकवताना दिसतात. अशा वेळी पडद्यावरचे वाक्य जसेच्या तसे टिपून, बोलणारा नेमके सांगतो की मोघम, हे आधी पाहावे. मालिकेवरच्या कादंबऱ्यांतील खुलासे सर्वांत शेवटी. ओढूनताणून मेळ घालण्यापेक्षा दोन्ही नोंदी शेजारी राहू देणे मला अधिक प्रामाणिक वाटते. २००८ मध्ये खुद्द डॉक्टरनेच सत्तरचे दशक की ऐंशीचे, असा संभ्रम बोलून दाखवला आहे.