काझाला निघण्याआधी रेडिएटरमध्ये काय आहे ते बघा

फेब्रुवारीच्या शेवटी हिमाचलच्या स्पिती खोऱ्यातल्या काझात सकाळी सातला बाईक स्टार्ट केली. हातमोज्यात बोटं बधिर झालेली, आणि चार-पाच मिनिटांत डॅशबोर्डवर तापमानाचा लाल दिवा लागला. एवढ्या थंडीत इंजिन तापतंय कसं, हे क्षणभर कळेचना. इंजिन बंद करून कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची, छोटी टाकी बघितली. आत उसाच्या गाड्यावरच्या चुऱ्यासारखा हिरवट बर्फ. रेडिएटरमध्येही तेच झालं होतं. पाणी फिरतच नव्हतं, म्हणून इंजिन तापत होतं.

चूक पुण्यात झाली होती. मे महिन्यात कूलंट कमी झालं तेव्हा एका गॅरेजमध्ये वरून साधं पाणी भरलं आणि मीही 'चालेल' म्हणालो. पुण्यात ते खरंच चालतं. पण पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या, पंप, होज यांना ते फोडू शकतं. माझा नुसता चुराच झाला होता म्हणून वाचलो. दुपारच्या उन्हात सगळं वितळेपर्यंत सेल्फला हात लावला नाही. तुमच्यावर ही वेळ आली तर तुम्हीही थांबा. गरम पाणी ओतू नका, आणि ट्रकखाली पेटवतात तसा स्टोव्ह पेट्रोलच्या गाडीखाली तर अजिबात नको.

आता निघण्याआधी काय करायचं ते सांगतो. काझात हिवाळ्यातली रात्र उणे २० च्याही खाली जाते. इथिलीन ग्लायकॉलचं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घेतलं की मिश्रण साधारण उणे ३७ पर्यंत गोठत नाही. आपल्याकडे काही बाटल्यांवर १:३, म्हणजे एक भाग कूलंट आणि तीन भाग पाणी, असं लिहिलेलं असतं. ते प्रमाण उणे १२ च्या आसपासच साथ सोडतं. आणि 'जास्त टाकू, जास्त टिकेल' असंही नाही. शुद्ध ग्लायकॉल उणे १३ लाच गोठतं, त्याला पाण्याची जोड लागतेच. रेडी-टू-यूज, म्हणजे आधीच पाणी मिसळलेली, बाटली घेतलीत तर त्यात आणखी पाणी घालू नका. रंगावर जाऊ नका, लेबलवर किती उणे लिहिलंय ते वाचा.

जुनं कूलंट पूर्ण काढायचं, तेही गाडी गार असताना. पाण्याच्या पंपापाशी ड्रेन बोल्ट असतो. खाली परात ठेवून तो सोडा, मग रेडिएटरचं झाकण उघडा, धार लागते. डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुवा. इथे एक गोष्ट सहज विसरते. धुतल्यावर थोडं पाणी इंजिनच्या पोटात राहतंच आणि नवं कूलंट तेवढं पातळ होतं. म्हणून शेवटी मोजायचं. बोल्टचा वॉशर नवा टाका. मिश्रण हळूहळू भरा, होज दाबत राहा, गाडी डावीकडे-उजवीकडे कलंडवा, म्हणजे अडकलेली हवा निघते. झाकण उघडंच ठेवून थोडा वेळ आयडलला चालवा, बुडबुडे थांबले की बंद करून झाकण लावा. दुसऱ्या दिवशी पातळी पुन्हा बघा. छोट्या टाकीतही हेच मिश्रण हवं.

मोजायला मी रिफ्रॅक्टोमीटर घेतला. काचेवर एक थेंब टाकायचा, उजेडाकडे धरून बघायचं. निळा आणि पांढरा भाग जिथे मिळतो तिथला आकडा म्हणजे गोठणबिंदू. आधी डिस्टिल्ड वॉटरचा थेंब शून्य दाखवतो का, ते तपासा. माझा उणे ३४ आला, तेव्हा जीव भांड्यात पडला.

रात्री गाडीवर घोंगडी टाकलीत तर इंजिन काही तास कोमट राहतं, पण पहाटेपर्यंत बाहेरच्याइतकंच गार होतं. कूलंट पातळ असेल तर घोंगडी काही वाचवत नाही. बॅटरी मात्र काढून खोलीत न्या, सकाळी फरक कळतो.

जुनं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. ते गोड लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजच्या जुन्या ऑईलबरोबर द्या, पण त्यात मिसळू नका. सांडलेलं लगेच भरपूर पाण्याने धुवा.

परत आल्यावर हे मिश्रण काढायची गरज नाही. पाण्यापेक्षा ते उशिरा उकळतं, मे महिन्यातही चालतं. पातळी कमी झाली तर तेच निम्मं-निम्मं वरून घाला. मी एक लिटर तयार करून, चिठ्ठी चिकटवून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा फळीवर ठेवलंय.