आपल्या विद्यापीठाच्या बरोबरीचं कोण? पीअर यादी अशी काढा

विद्यापीठाच्या पुढच्या पाच-दहा वर्षांच्या आराखड्याची चर्चा सोलापुरात निघाली की कुणीतरी म्हणतंच, "पुण्यात बघा काय चाललंय!" अहो पण पुण्याचं विद्यापीठ 1949 चं, आपलं 2004 चं, तेही कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातनं एकाच जिल्ह्यासाठी वेगळं काढलेलं, मग जुळणार कसं?

म्हणून आधी दोन याद्या करा. एक बरोबरीच्यांची, म्हणजे ज्यांच्या अंगावर आपल्याएवढंच काम आहे आणि हाताशी माणसं-पैसाही साधारण तेवढाच. दुसरी, जिथवर जायचंय त्यांची. तिथं पुणे, मुंबई खुशाल घाला, पण दोन-तीनच. दोन्ही एकात कालवल्या की आराखडा म्हणजे नुसती स्वप्नं होतात.

बरोबरीची नावं शोधताना मोठ्या विद्यापीठातनं फुटून निघालेली आधी बघा. जळगावचं 1990 चं, नांदेडचं 1994 चं, गडचिरोलीचं गोंडवाना 2011 चं. नांदेडकडं चार जिल्हे आहेत, गोंडवानाकडं दोन पण सगळा जंगलपट्टा, म्हणजे तंतोतंत कुणीच जुळत नाही, आणि ते चालतंय की. बेळगावचं राणी चन्नम्मा पण घ्या, 2010 ला धारवाडच्या विद्यापीठातनं निघालेलं, आपल्याला काय लांब नाही, फक्त तिथलं सरकार वेगळं, कायदा वेगळा, त्यामुळं पैशाचे आकडे जपून लावा.

मग एक्सेल उघडा. कॉलम कुठले? संलग्न कॉलेजं किती, कॅम्पसवर पोरं किती, मंजूर पदांपैकी भरलेली किती, विषय कुठले, पगार सोडून खर्चाला उरतंय किती. एवढंच. रँक, नॅकची (कॉलेज-विद्यापीठांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची) ग्रेड, रिसर्च पेपर हे कॉलम आत्ता घालायचेच नाहीत, कारण निकाल बघून यादी केली की हात आपोआप आपल्यापेक्षा कच्च्यांकडं जातो आणि रिपोर्टात आपण कायम वरच. यादी आधी पक्की करा, मीटिंगच्या इतिवृत्तात घाला, निकालाचे कॉलम त्यानंतर.

आकडे कुणाकडं मागत बसायची गरज नाही. एनआयआरएफला, म्हणजे केंद्र सरकारच्या रँकिंगला, दिलेली पीडीएफ विद्यापीठांच्या वेबसाइटवर असते, त्यात मंजूर प्रवेशसंख्या, प्रत्यक्षातली पोरं, पीएचडीवाले, खर्च, शिक्षकांची यादी सगळं सापडतं. पण तिथं एक गोम आहे, ती माहिती विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांची असते, संलग्न कॉलेजांची नाही. आणि आपल्यासारख्यांचं निम्मं डोकं तर त्या कॉलेजांच्या परीक्षा, पेपर तपासणी आणि निकालातच जातंय. तो बोजा वार्षिक अहवालातनं आणि नॅकच्या एसएसआरमधनं (विद्यापीठानं स्वतःबद्दल नॅकला दिलेल्या अहवालातनं) काढावा लागतो, त्याशिवाय तुलना लंगडी. वर्ष सगळ्यांचं एकच धरा, कुणाचं जुनं कुणाचं नवं असं नको.

माझ्या मते सहा ते आठ नावं बास. पहिली यादी झाली की परीक्षा विभाग आणि फायनान्सच्या माणसांना दाखवा, प्राध्यापकांना न दिसणाऱ्या गोष्टी त्यांना पटकन दिसतात.

आणि मधेच कुणी नाव बदलायला लावलं तर कारण लेखी मागा. एखाद्या विद्यापीठाचे तुकडे झाले, जिल्हे दुसरीकडं गेले तर बदला. "त्यांचा रँक वाढला, काढून टाका" असं म्हणाले तर मात्र ते नाव हमखास ठेवा, त्यांनी काय केलं तेच तर बघायचंय.