ॲस्ट्राफोबियातलं 'अस्त्र' काढून टाका: वीज आणि गडगडाटाचे ग्रीक धातू शिकताना या चुका टाळा

स्पर्धा परीक्षांच्या इंग्रजीत फोबियांची यादी असतेच, आणि त्या यादीत विजेची आणि ढगांच्या गडगडाटाची भीती हमखास असते. शब्द ठरलेले, आणि मुलांच्या चुकाही ठरलेल्या.

सगळ्यात जास्त छळणारी चूक 'ॲस्ट्राफोबिया'ची. ग्रीकमध्ये 'अस्त्रापे' म्हणजे चमकणारी वीज. आपल्या मुलांना त्यात थेट 'अस्त्र' दिसतं. एका क्लासच्या झेरॉक्स नोट्समध्ये तर ही युक्ती छापलेलीच होती: अस्त्र म्हणजे इंद्राचं वज्र, म्हणून ॲस्ट्राफोबिया म्हणजे विजेची भीती. बँकेच्या परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी तेवढं पाठ करून माझ्याकडे आली होती. उत्तर बरोबर येत होतं, त्यामुळे तिला कधी शंका आली नाही. मग एका सराव पेपरात 'ॲस्ट्रोफोबिया' आला आणि तिने बिनधास्त विजेवर खूण केली. ती भीती ताऱ्यांची आणि अवकाशाची. वही मागवली तर लाल पेनाने चौकट: 'ॲस्ट्र = अस्त्र'. त्याच चौकटीत खाली ॲस्ट्रॉनॉट, ॲस्टेरॉइड, ॲस्टेरिस्क. 'ॲस्टर' म्हणजे तारा, त्याचं सगळं कुटुंब तिने विजेच्या घरात नेऊन बसवलं होतं. एक शब्द सुधारून भागणार नव्हतं, अख्खं पान नव्याने लिहावं लागलं.

संस्कृतातलं अस्त्र 'अस्' म्हणजे फेकणे या धातूवरून आलं आहे. ग्रीक विजेशी त्याचं काही नातं नाही. अशा युक्त्यांचा मला मनापासून राग आहे, कारण त्या एका प्रश्नाला तारतात आणि पुढच्या चार प्रश्नांना बुडवतात. पण मुलांना रात्रीत दोनशे शब्द हवे असतात, आणि नोट्स विकणाऱ्यांना ते ठाऊक असतं. माझी सवय साधी आहे. नवा धातू आला की शब्दकोशात त्याचे दोन-तीन सख्खे शब्द सापडेपर्यंत तो वहीत उतरवायचा नाही. इथे तर एका स्वरावर काम होतं: 'ॲस्ट्रा'तला ए विजेचा, 'ॲस्ट्रो'तला ओ ताऱ्याचा.

दुसरी मोठी चूक म्हणजे वीज-गडगडाटाच्या तिन्ही ग्रीक धातूंपुढे 'वीज' एवढंच लिहून मोकळं होणं. मराठीत आपण ढग गडगडतात, वीज चमकते आणि वीज कोसळते, असं वेगवेगळं बोलतो. ग्रीकांकडेही तीन शब्द आहेत: गडगडाटाला 'ब्रोंते', चमकेला 'अस्त्रापे', कोसळणाऱ्या विजेला 'केराउनोस'. ग्रीक कवी हेसिअडच्या काव्यात देवांचा राजा झ्यूसला वज्र घडवून देणाऱ्या तीन एकडोळ्या राक्षसांपैकी एकाचं नावच ब्रोंतेस आहे. जीवाश्मतज्ज्ञ ऑथनिएल मार्श यांनी 1879 मध्ये नाव दिलेला ब्रॉन्टोसॉरस हा डायनासोर म्हणूनच 'गडगडाटी सरडा', आणि ब्रॉन्टोफोबिया ही गडगडाटाची भीती.

'केराउनोस' सगळ्यात दुर्लक्षित, आणि व्यवहारात सगळ्यात उपयोगी. इलेक्ट्रिकलच्या मुलांना वीजवाहिन्यांच्या संरक्षणात 'केरॉनिक लेव्हल' शिकावी लागते. ती म्हणजे वर्षाला किती वेळा वीज पडली ते, असं बरेच जण लिहितात. तसं नाही. त्या ठिकाणी वर्षातल्या किती दिवशी गडगडाट ऐकू आला, तो आकडा. एका दिवसात एकदा गडगडलं काय आणि पन्नासदा गडगडलं काय, दिवस एकच मोजतात. नर्सिंगच्या मुली 'केरॉनोपॅरालिसिस'चा संबंध केराटिनशी, म्हणजे केसा-नखांतल्या प्रथिनाशी लावतात. केराटिन, केरटायटिस, ट्रायसेराटॉप्स हे सगळे 'केरास' म्हणजे शिंग या शब्दाचे. केरॉनोपॅरालिसिस म्हणजे वीज अंगावर पडल्यावर हातापायांना येणारा तात्पुरता लुळेपणा. तो बहुधा पायांना जास्त होतो आणि काही तासांत ओसरतो.

ब्रॉन्कायटिसमध्ये गडगडाट शोधू नका, तो 'ब्रॉन्कोस' म्हणजे श्वासनलिकेचा आहे.

इंग्रजी कादंबरीकार ब्राँटे भगिनींच्या आडनावातही नको: ते मूळचं आयरिश, त्याचं स्पेलिंग वडिलांनी बदललं.

वीज-गडगडाटाचे सगळेच शब्द ग्रीक नाहीत: फल्गराइट (वीज पडून वाळूची झालेली काच) आणि डेटोनेट (स्फोट घडवणे) लॅटिन घराण्यातले. थंडर तर जर्मॅनिक, गुरुवारच्या थर्सडेतल्या थॉरचा भाऊबंद.

'इलेक्ट्रिक' ग्रीक आहे, पण त्याच्या मुळाशी वीज नाही. 'एलेक्ट्रॉन' म्हणजे अंबर, झाडाच्या चिकाचा दगड झालेला. तो घासला की काडीकचरा ओढतो, म्हणून इंग्रज वैज्ञानिक विल्यम गिल्बर्ट यांनी 1600 मध्ये अशा पदार्थांना लॅटिनमध्ये तसं विशेषण दिलं. आकाशातली वीज त्याच जातीची आहे हे 1752 च्या प्रयोगांतून दिसलं, म्हणजे शब्द रुळल्यावर दीडशे वर्षांनी.

राहिलं 'केराउनोस'च्या शब्दांचं स्पेलिंग. लॅटिनच्या वाटेने आलेल्या शब्दात सी असतो आणि उच्चार 'स' होतो, जसं सेरॉनोग्राफ, म्हणजे वीज-गडगडाटाची नोंद करणारं यंत्र. थेट ग्रीकवरून घडवलेल्यात के. शब्दकोशात एका अक्षराखाली सापडला नाही तर दुसऱ्याखाली बघा. आणि कुठल्याही अक्षराखाली शोधलात तरी त्यापुढचं 'एयू' गाळू नका, नाहीतर परत शिंगांकडे जाल.