घरच्या वस्तूंची हस्तकला: पसारा वाढवणाऱ्या या चुका टाळा

सुट्टीत मुलांना कागद-कात्री दिली की तासाभरात फरशी चिकचिकते आणि बोलणी मुलं खातात. निम्मा घोळ डिंकाचा असतो. फेव्हिकॉलची अख्खी बाटली हातात देऊ नका; झाकणात चमचाभर काढा आणि लावायला कापसाची काडी द्या. त्यातलं पाणी उडालं की तो वाळतो. थर जाड दिला तर तेच पाणी कागद पितो आणि वाकडा होतो. तसा झालाच, तर वर धुतलेली दुधाची पिशवी पसरून जाड पुस्तकाखाली दाबा. पिशवीला फेव्हिकॉल धरत नाही.

लग्नपत्रिकेवर काही चिकटत नाही त्याचंही कारण हेच. चकचकीत बाजूला प्लास्टिकचा पापुद्रा असतो. मागची बाजू वापरा.

वर्तमानपत्र अंथरणं मला तरी निरुपयोगी वाटतं, ओल खालपर्यंत जातेच. नाशकात द्राक्षाच्या हंगामात पुठ्ठ्याचे खोके घरोघर येतात. दोन-तीन बोटं कड ठेवून खोका कापा, सगळं काम त्यातच करायला लावा.

कागदाच्या लगद्याच्या वाट्या जुलै-ऑगस्टमध्ये काढू नका. इथल्या पावसात त्या वाळायच्या आधी बुरशी धरतात. ते काम मे महिन्यात, गच्चीवर. पावसाळ्यात घडीकाम किंवा ठसे बरे.

ठसे ओघळतात ते भाजीच्या पाण्यामुळे. भेंडी किंवा बटाटा कापून थोडा वेळ सुती फडक्यावर उपडा ठेवा. रंग बशीत ओतू नका. झाकणात ओलसर कापडाची घडी ठेवून तिच्यावर पसरा, शिक्क्याच्या पॅडसारखा. अर्ध्या कांद्याचा ठसा सुरेख उमटतो आणि लासलगाव जवळ असताना कांद्याला तोटा नाही, पण डोळे चोळणाऱ्या लहानग्याला भेंडीच द्या.

खळ घरी शिजवत असाल तर मैदा आणि पाणी, एवढंच. बाइंडिंगवाले कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. ते विषारी आहे.

चमकी आणूच नका.

हळदीचा रंग घरचा म्हणून निर्धोक वाटतो, पण कपड्यावर डाग पक्का बसतो. साबण लावल्यावर डाग लाल झाला तर घाबरू नका. भरपूर पाण्याने खळबळून कपडा कडक उन्हात टाका. उन्हात हळद विटते. म्हणूनच हळदीने रंगवलेलं चित्र खिडकीपाशी लावू नये.