पोलंडहून अमेरिकेत गेलेल्या पूर्वजाचे मूळ गाव कसे शोधावे

मराठी आडनावाच्या शेवटी ‘कर’ असले की मूळ गावाचा अंदाज बांधता येतो, पण पोलिश आडनावाच्या शेवटच्या ‘स्की’वर तसा विसंबून राहू नये. विश्न्येव्स्की हे आडनाव विश्न्येव किंवा विश्न्येवो अशा नावाच्या गावावरून आले, हे खरे. परंतु त्या नावांची गावे अनेक आहेत आणि आडनाव रूढ झाल्यानंतर घराणी दूरवर पांगलेली आहेत. गावाचे नाव मात्र हाती यायलाच हवे, कारण पोलंडमधील जन्म, विवाह व मृत्यूच्या जुन्या वह्या मुख्यतः पॅरिशनुसार, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत येणाऱ्या गावांनुसार ठेवलेल्या आहेत. त्यामुळे गाव निश्चित होईपर्यंत सगळा शोध अमेरिकेतच घ्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

येथे १८७० ते १९१४ या काळात अमेरिकेत गेलेल्यांचा विचार केला आहे. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात राहिलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक हे दुसऱ्या महायुद्धातील निर्वासित होते. त्यांचा माग वेगळ्या कागदांतून काढावा लागतो.

पहिले काम घरातच करायचे आहे. जुनी पत्रे व त्यांची पाकिटे, प्रार्थनापुस्तकाची कोरी पाने आणि छायाचित्रांची मागची बाजू, जिथे स्टुडिओच्या शिक्क्यात शहराचे नाव असते, हे सारे पाहावे. थडग्यावरचा मजकूर पूर्ण उतरवून घ्यावा, कारण पोलिश भाषेतील शिलालेखात कधी कधी जन्मगावही कोरलेले असते. वडीलधाऱ्यांना गावाचे नाव उच्चारायला सांगून ते ऐकू येते तसेच लिहून ठेवावे. शुद्धलेखन नंतर सुधारता येते.

त्यानंतर अमेरिकेची जनगणना पाहावी. ती दर दहा वर्षांनी होते आणि १९५० पर्यंतची पाने खुली आहेत. १८९०ची जनगणना मात्र १९२१च्या आगीनंतर जवळजवळ पूर्ण नष्ट झाली. १९००च्या पानावर जन्माचा महिना, देशात आल्याचे वर्ष आणि नागरिकत्वाची स्थिती मिळते, तर १९२०च्या पानावर नागरिकत्व मिळाल्याचे वर्षही असते. जन्मदेशाच्या रकान्यात ‘रशिया’, ‘जर्मनी’ किंवा ‘ऑस्ट्रिया’ दिसले तर माणूस चुकीचा आहे असे समजू नये. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन फाळण्यांत पोलंड रशिया, प्रशिया (पुढे जर्मनीचा भाग झालेले राज्य) व ऑस्ट्रिया यांनी वाटून घेतला होता आणि १९१८ पर्यंत तो नकाशावर स्वतंत्र देश म्हणून नव्हता. हा रकाना जपून ठेवावा, कारण पूर्वज कोणत्या साम्राज्याच्या वाट्याच्या भागातून आला यावर पुढची नोंद कोणत्या भाषेत असेल हे ठरते.

नावे येथेच फसवतात. वोइचेख हा अमेरिकेत अल्बर्ट किंवा जॉर्ज होतो, स्टानिस्वाव स्टॅन्ली होतो, व्वादिस्वाव वॉल्टर होतो आणि याद्विगा ही हेडविग किंवा हॅटी होते. आडव्या रेघेचे पोलिश ‘ल’ हे अक्षर इंग्रजी ‘डब्ल्यू’सारखे उच्चारले जाते, त्यामुळे ऐकून लिहिणाऱ्याने आणि पाहून उतरवणाऱ्याने एकच आडनाव दोन तऱ्हांनी लिहिलेले असते. न्यूयॉर्क बंदरातील एलिस आयलंड या तपासणी केंद्राच्या अधिकाऱ्याने आमचे आडनाव बदलले, ही बऱ्याच घरांत सांगितली जाणारी कथा बाजूला ठेवावी. तेथील अधिकारी निघण्याच्या बंदरावर तयार झालेल्या यादीवरून तपासणी करत असत, आणि आडनाव पुढे कामावर, शाळेत किंवा न्यायालयात हळूहळू बदलत गेले.

गाव सापडण्याची सर्वांत चांगली जागा म्हणजे अमेरिकेतील पोलिश पॅरिश. शिकागोचे सेंट स्टानिस्लॉस कोस्का हे १८६७ साली स्थापन झालेले चर्च त्यांपैकी एक. तिथले धर्मगुरू स्वतः पोलिश असल्याने विवाहनोंदीत वधूवरांचे मूळ गाव किंवा पॅरिश पुष्कळदा अचूक अक्षरांत लिहीत, आणि इंग्रज कारकुनाच्या लेखणीतून आलेल्या नावापेक्षा हे नाव कितीतरी भरवशाचे असते. पूर्वजाच्या नोंदीत गाव नसेल तर त्याच्या भावंडांच्या आणि विवाहातील साक्षीदारांच्या नोंदी काढाव्यात. एका गावचे लोक एकमेकांच्या आधाराने येत आणि जवळजवळ राहत.

नागरिकत्वाच्या कागदांत तारीख निर्णायक ठरते. २७ सप्टेंबर १९०६ पासून देशभर एकसारखे नमुने लागू झाले आणि त्यांत जन्मस्थान, आगमनाची तारीख व जहाजाचे नाव येऊ लागले. त्याआधीच्या कागदांत बहुधा फक्त देश असतो. १९२२ पूर्वी पत्नीला पतीच्या नागरिकत्वाबरोबरच नागरिकत्व मिळत असल्याने विवाहितेचा स्वतंत्र अर्ज सहसा सापडत नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढलेल्या जनरल हालर यांच्या पोलिश सैन्यात अमेरिकेतील वीस हजारांहून अधिक पोलिश तरुण गेले होते, त्यांचे भरतीचे अर्जही गावाच्या दृष्टीने मोलाचे आहेत.

जहाजांच्या याद्यांत १९०७ पासून मायदेशातील जवळच्या नातेवाइकाचे नाव व पत्ता आढळतो आणि प्रवासी अमेरिकेत कोणाकडे जात आहे तेही लिहिलेले असते. एलिस आयलंड १ जानेवारी १८९२ रोजी सुरू झाले; त्याआधी न्यूयॉर्कला आलेल्यांसाठी कॅसल गार्डन या तेथील जुन्या केंद्राच्या काळातील याद्या शोधाव्यात, आणि तिथे नाव मिळाले नाही तर बाल्टिमोर व फिलाडेल्फिया ही बंदरेही पाहावीत. निघण्याच्या बाजूने हॅम्बुर्गच्या १८५० ते १९३४ या काळातील याद्या उपलब्ध आहेत. ब्रेमेनच्या १९२० पूर्वीच्या बहुतेक नष्ट झाल्या आहेत.

गावाचे नाव मिळाले तरी नोव्हा व्येश किंवा दोंब्रोवा अशा नावांची गावे पोलंडमध्ये ढिगाने आहेत. म्हणून वॉर्सात १८८० ते १९०२ या काळात प्रसिद्ध झालेला पोलंडच्या भूभागाचा मोठा भौगोलिक कोश पाहून जिल्हा व पॅरिश ठरवावा; त्याची पाने इंटरनेटवर आहेत. गाव आज युक्रेन, बेलारूस किंवा लिथुआनियात असू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

आता पोलंडच्या नोंदींकडे वळता येईल. पोलिश वंशावळ संस्थेची ‘गेनेतेका’ ही स्वयंसेवकांनी तयार केलेली सूची, सरकारी अभिलेखागारांचे ‘शुकाय व आर्खिवाख’ हे संकेतस्थळ आणि ‘फॅमिलीसर्च’ येथे विनामूल्य शोध घेता येतो; पोझनान भागातील १८०० ते १८९९ मधील विवाहांसाठी ‘पोझनान प्रोजेक्ट’ आहे. रशियन भागातील नोंद सलग मजकुराच्या रूपात असते, १८६८ पर्यंत पोलिशमध्ये आणि त्यानंतर रशियनमध्ये, आणि त्या रशियन नोंदींत जुन्या ज्युलियन आणि नव्या ग्रेगोरियन कॅलेंडरच्या अशा दोन तारखा असतात, ज्यांत एकोणिसाव्या शतकात बारा दिवसांचा फरक पडतो. ऑस्ट्रियाच्या ताब्यातील गालिशियात लॅटिनमधील रकाने असून घर क्रमांक दिलेला असतो, तर प्रशियात ऑक्टोबर १८७४ पासून जर्मन भाषेत सरकारी नोंदणी सुरू झाली. जन्माच्या शंभर वर्षांच्या आतील आणि विवाह व मृत्यूच्या ऐंशी वर्षांच्या आतील नोंदी स्थानिक नोंदणी कार्यालयातच राहतात.

जन्मनोंद सापडली की घाईने वंशवृक्षात बसवू नये. एकाच पॅरिशमध्ये एकाच नावाची दोन मुले जन्मलेली असतात, म्हणून वडिलांच्या नावाबरोबर आईचे माहेरचे आडनाव अमेरिकेतील विवाह किंवा मृत्यूनोंदीशी ताडून पाहावे. त्यानंतर त्याच वहीतील पुढच्या काही वर्षांच्या मृत्यूनोंदी वाचाव्यात, कारण मूल लहानपणीच दगावले तर तेच नाव पुढच्या भावंडाला देण्याची चाल होती, आणि अमेरिकेला गेलेला माणूस तो दुसराच असू शकतो.